मंगलकार्यांतील पाहुणा

राजांच्या वंशावळी, तहांचीं कलमें आणि लढायांच्या तारखा यांवरून एखाद्या समाजाचा जो इतिहास कळतो, त्याहून निराळा असा एक इतिहास त्याच्या घरगुती समारंभांत सांठलेला असतो. दारांत कोणाची वाट पाहिली जाते, कोणास प्रथम गंध लावतात, कोणाच्या पानाभोंवतीं रांगोळी निघते आणि कोण मांडवाबाहेर उभा राहून उरल्यासुरल्याची वाट पाहतो, हें एकदां नीट पाहिलें म्हणजे त्या समाजाची घडण कळून येते. लग्न हा अशा सर्व समारंभांचा राजा होय. हल्लीं लग्न ठरलें कीं घरांतील मंडळींच्या पहिल्याच बैठकींत प्रश्न निघतो, “आपल्या लग्नांत निराळें काय करायचें? आलेल्यांच्या लक्षांत काय राहील?” प्रश्न हौसेचा आहे, आणि हौस ही कांहीं निंद्य गोष्ट नव्हे. परंतु हा प्रश्न आजच उत्पन्न झाला, अशी कोणाची समजूत असल्यास ती बरोबर नाहीं. पाहुण्याचें मन कसें राखावें याचा विचार महाराष्ट्रानें पिढ्यान्‌पिढ्या केला आहे. त्यासाठीं त्यानें बुद्धि खर्चिली, पैसा ओतला, कर्ज काढलें. आणि एका प्रसंगीं तर पाहुण्यांनींच आपल्या उपस्थितीची जबर किंमत मोजली. त्या इतिहासाचीं कांहीं पानें येथें उलटून पाहण्याचा आमचा विचार आहे.

प्रथम हें लक्षांत घेतलें पाहिजे, कीं आमच्या लग्नविधींत पाहुणा हा नुसता प्रेक्षक नाहीं. वधूवरांमध्यें अंतरपाट धरलेला असतो, मंगलाष्टकें चाललेलीं असतात, आणि मांडवांतील प्रत्येकाच्या मुठींत अक्षता असतात. अक्षता म्हणजे न मोडलेले, अखंड तांदूळ. ‘सावधान’ हा शब्द उच्चारला गेला कीं त्या सर्वांच्या हातून वधूवरांवर पडतात. लक्षाधीश असो वा दारचा गडी असो, त्याच्या मुठींतील तांदुळांचें मोल सारखेंच. धर्मशास्त्राच्या दृष्टीनें विवाह होमानें आणि सप्तपदीनें पुरा होत असेल. परंतु लोकांच्या दृष्टीनें तो अक्षता पडल्यानें होतो. ‘त्यांच्या डोक्यावर अक्षता पडल्या’ एवढें म्हटलें म्हणजे लग्न झालें असा अर्थ मराठी मनुष्य घेतो. याचा अर्थ असा, कीं समाजाच्या हाताशिवाय लग्न पुरें होत नाहीं, आणि तो हात पाहुण्याचा असतो. पुढें जो कांहीं मानपान, जी कांहीं सजावट आणि जें कांहीं आतिथ्य वाढलें, त्या सर्वांचें मूळ या साक्षीदारपणांत आहे.

हें साक्षीदारपण किती मोठें राजकारण करूं शकतें, याचें ठळक उदाहरण पेशवाईंत सांपडतें. १७८३ च्या फेब्रुवारी महिन्यांत पुण्यांत सवाई माधवराव पेशव्यांचें लग्न थत्ते घराण्यांतील रमाबाईंशीं झालें. नवरदेव त्या वेळीं नवव्या वर्षांत होते. वडील नारायणराव यांचा खून १७७३ च्या ऑगस्टांत झाला आणि त्यानंतर सुमारें आठ महिन्यांनीं या मुलाचा जन्म झाला. चुलत-आजोबा रघुनाथराव यांनीं पेशवाईवर हक्क सांगून इंग्रजांचें साहाय्य घेतलें, आणि त्यांतून उद्भवलेलें युद्ध १७८२ च्या सालबाईच्या तहानें थांबलें. अशा स्थितींत नाना फडणिसांनीं हें लग्न काढलें. त्याच्या व्यवस्थेविषयीं त्यांनीं तपशीलवार याद्या करविल्या होत्या. कोणतें काम कोणी पाहावें, पंगतींचा बंदोबस्त कसा असावा, कोणाचा मान कसा राखावा, याचा त्यांत बारकाईनें विचार होता. वरवर पाहणाऱ्यास ही केवळ श्रीमंती हौस वाटेल. आम्हांस तसें वाटत नाहीं. जो सरदार किंवा वकील त्या मांडवांत बसला, त्यानें गंध-अक्षता आणि विडा घेतला, त्यानें त्या मुलास पेशवा म्हणून चारचौघांत मान्यता दिली. कागदावरील तहाइतकेंच तें एक कलम होतें. पंगतींतील पाटांची ओळ नानांनीं सैन्याच्या फळीसारखी लक्षपूर्वक लावविली, ती उगीच नव्हे. या लग्नास आलेला पाहुणा राज्याच्या पायाशीं चिरा बसवून गेला असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं. तो पाया पुढें टिकला नाहीं, आणि १७९५ सालीं सवाई माधवराव ऐन एकविशींत गेले, ही गोष्ट निराळी.

पेशव्यांची गोष्ट पेशव्यांपाशीं. सामान्य घरांतही लग्न चार-पांच दिवस चाले. त्याचें एक कारण दळणवळणाचें होतें. वऱ्हाड बैलगाडीनें, घोड्यावरून अथवा पायीं येणार; तें दोन दिवसांचा प्रवास करून आलें तर एका जेवणावर त्यास परत कसें लावावें? दुसरें कारण अधिक नाजूक आहे. वधूवर बहुधा लहान मुलें असत. त्यांची भीड मोडावी, परक्या घरांतील माणसें मुलीच्या ओळखीचीं व्हावीं, यासाठीं विडे तोडणें, घांस भरविणें, हळद खेळणें हे खेळ योजलेले असत. या खेळांत दोन्हीं घरच्या बायकांस बोलण्याची आणि थट्टेची मोकळीक मिळे. एरवीं ज्या स्त्रीनें चारचौघांत नवऱ्याचें नांव उच्चारावयाचें नाहीं, ती त्या दिवसांत उखाण्यांत गुंफून तें सर्वांदेखत घेई. एखाद्या मुखदुर्बळ सुनेचा उखाणा अख्ख्या पंगतीस हंसवून जाई, आणि तेव्हांपासून तिच्याकडे पाहण्याची सासरची नजर बदले.

रुखवताची गोष्ट अशीच. आज रुखवत म्हणजे टेबलावर मांडलेलें प्रदर्शन झालें आहे. मूळ कल्पना, वधूपक्षाकडून वराकडे जाणारा फराळ, ही होती. पुढें त्यांत मुलीच्या हातचें कसब शिरलें. साखरेचें तुळशीवृंदावन, फेण्या-कुरडयांच्या उतरंडी, लोकरीचें आणि मण्यांचें विणकाम, भरतकाम केलेले रुमाल, अशा वस्तूंतून जी मुलगी स्वतः कांहीं बोलूं शकत नव्हती तिचे हात बोलत. विहिणीच्या पंगतीचेंही तसेंच. तिच्या पानाभोंवतीं महिरपी रांगोळी, उदबत्ती, चांदीचीं भांडीं आणि शेवटीं पैठणी किंवा शालू. वर सुवासिनींचें गाणें, आणि त्या गाण्यांत गोड शब्दांत घातलेली अशी विनंती, कीं आमची मुलगी आतां तुमची, तिला संभाळा. या थाटामागें मुलीच्या आईची भीति होती. विहीणबाई रुसल्या तर त्याचा भोग वर्षानुवर्षें कोणाच्या वांट्यास येईल, हें ती जाणून होती. पाहुण्याच्या सन्मानांत जसा स्नेह होता तसा धाकही होता, हें इतिहास लिहितांना लपवून चालणार नाहीं.

एकोणिसाव्या शतकांत दोन नव्या शक्ति या समारंभांत शिरल्या: एक आगगाडी आणि दुसरी छापखाना. १८५३ सालीं मुंबई ते ठाणें गाडी धांवली आणि १८६३ सालीं बोरघाट खुला झाल्यावर मुंबई-पुणें हा प्रवास कांहीं तासांचा झाला. पाहुणा लवकर येऊं लागला, आणि लवकर जाऊंही लागला. छापखान्यानें लग्नपत्रिका आणली. पूर्वीं आमंत्रण म्हणजे अक्षत. घरचा माणूस भटजींस बरोबर घेऊन दारोदार जाई, हातावर अक्षता ठेवी आणि तोंडानें बोलावी. छापील कुंकुमपत्रिकेनें तें काम दूरच्या गांवीं टपालानें होऊं लागलें. वर गणपतीचें चित्र, मग कुलदेवतेचें नांव, मग वधूवरांचीं नांवें, आणि खालीं निमंत्रकांची लांबलचक यादी. त्या यादींत कोणाचें नांव वर आणि कोणाचें खालीं यावरून भाऊबंदांत अबोले झाले. मंगलाष्टकेंही छापूं लागलीं. घरांतील एखादा काव्याचा नाद असलेला मामा शार्दूलविक्रीडितांत वधूवरांचीं आणि दोन्हीं कुळांचीं नांवें गोंवून अष्टकें रची, तीं रंगीत कागदावर छापून मांडवांत वांटलीं जात, आणि मामांनीं तीं चढ्या सुरांत म्हटलीं म्हणजे वृत्त कोठें अडखळलें याकडे कोणी लक्ष देत नसे. पाहुण्यानें घरीं न्यावयाची ही खरोखर सुंदर भेट होती. कारण ती केवळ त्याच लग्नाची असे, दुसऱ्या कोणाच्या लग्नांत तिचा उपयोग होणें नाहीं.

परंतु छापील पत्रिकेचें सामर्थ्य किती, हें १८६९ सालीं मुंबईस दिसून आलें. विष्णुशास्त्री पंडित यांच्या पुढाकारानें त्या वर्षीं जून महिन्यांत वेणूबाई या बालविधवेचा विवाह पांडुरंग विनायक करमरकर यांच्याशीं झाला. या विवाहाच्या निमंत्रणपत्रिकेवर प्रतिष्ठित गृहस्थांच्या सह्या होत्या. त्यांत महादेव गोविंद रानडे हे एक. मांडव, वाजंत्री, गंध आणि गुलाबपाणी हें सर्व इतर लग्नांसारखेंच. फरक इतकाच, कीं या पत्रिकेचा स्वीकार करणें म्हणजे आपल्या जातीचा रोष स्वीकारणें होतें. शंकराचार्यांनीं पुढाकार घेणाऱ्यांवर बहिष्कार घातला, आणि १८७० सालीं पुण्यास या विषयावर शास्त्र्यांचा मोठा वाद झाला. ज्या समाजांत पाहुण्यास बोलावण्यासाठीं यजमान हात जोडी, त्या समाजांत पाहुण्यानें येणें हेंच त्याचें धैर्य ठरलें. त्या मांडवांत बसून ज्यांनीं अक्षता टाकल्या, त्यांच्या मुठींतील तांदूळ आजवरच्या कोणत्याही आहेराहून अधिक मोलाचे होते, असें आम्हांस वाटतें. अशा सहीस आयुष्यभर जागणें किती कठीण, हेंही त्याच इतिहासांत आहे: पहिल्या पत्नीच्या निधनानंतर १८७३ सालीं वडिलांच्या आग्रहास मान देऊन रानड्यांनीं एका अकरा वर्षांच्या कुमारिकेशीं विवाह केला. ती मुलगी पुढें रमाबाई रानडे म्हणून महाराष्ट्रास वंद्य झाली. परंतु त्या वेळीं सुधारकांस बसलेला धक्का कांहीं खोटा नव्हता.

योगायोग असा, कीं त्याच १८७३ सालीं पुण्यांत लग्नसमारंभाचें दुसरेंच एक रूप जन्मास आलें. जोतीराव फुले यांनीं सप्टेंबरांत सत्यशोधक समाज स्थापला आणि २५ डिसेंबर रोजीं त्या पद्धतीचा पहिला विवाह झाला. पुरोहित नाहीं, हुंडा नाहीं, कर्ज काढून घातलेली पंगत नाहीं. सावित्रीबाईंनीं त्यांत पुढाकार घेतला, आणि आलेल्या मंडळींचा सत्कार पानसुपारीनें झाला. १८८७ सालीं जोतीरावांनीं या पद्धतीचा पूजाविधि मंगलाष्टकांसह प्रसिद्ध केला. त्यांतील मंगलाष्टकांचा विशेष असा, कीं वधू आणि वर स्वतः मराठींत बोलतात, आणि स्त्रियांच्या हक्कांचा प्रश्न बोहल्यावरच निघतो. त्यामुळें पाहुण्याची भूमिकाही पालटली. पूर्वीं त्याच्या कानांवर न समजणारे मंत्र पडत आणि ‘सावधान’ ऐकून तो हात उचली. आतां त्यास वचन कोणतें दिलें गेलें हें कळलें. ज्यास वचनाचा अर्थ कळला तोच खरा साक्षीदार. लग्नांत काय नवें करावें, असें विचारणाऱ्यानें हें ध्यानांत धरावें, कीं एका विड्याच्या खर्चांत झालेल्या त्या विवाहाइतका नवा समारंभ त्यानंतर क्वचितच झाला असेल.

पाहुण्यांच्या येण्यास जशी किंमत होती तशी त्यांच्या न येण्यासही होती. १८९३ च्या मार्च महिन्यांत धोंडो केशव कर्वे यांनीं पंडिता रमाबाईंच्या शारदा-सदनांतील विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, पुढें आनंदीबाई, यांच्याशीं पुण्यांत विवाह केला. नंतर तीं उभयतां कोंकणांत मुरूडास गेलीं तेव्हां गांवानें सभा भरवून त्यांच्यावर बहिष्काराचा ठराव केला. घरच्यांचाही उंबरठा त्यांस मोकळा राहिला नाहीं. दारीं तोरण बांधावें आणि कोणी येऊं नये, याहून कडक शिक्षा गांवापाशीं नव्हती. पाहुणा ही केवळ शोभा असती तर त्याच्या अभावानें कोणाचें कांहीं बिघडलें नसतें.

आतां खर्चाकडे वळूं. १८७५ च्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें रयत सावकारांवर उठली आणि कर्जरोख्यांच्या होळ्या झाल्या. त्यांच्या कारणांच्या चौकशीसाठीं सरकारनें कमिशन नेमलें. त्या काळच्या अंमलदारांत एक समज रूढ होता, कीं कुणबी लग्नकार्यांत उधळपट्टी करतो म्हणून कर्जांत बुडतो. कमिशननें हिशेब पाहिले आणि लिहिलें, कीं लग्नखर्चाच्या कारणास वाजवीपेक्षां अधिक महत्त्व देण्यांत आलें आहे. एका प्रसंगाचा खर्च कुणब्याच्या ऐपतीच्या मानानें मोठा असेल. परंतु तो क्वचित येतो, आणि वर्षांवर वांटला असतां आपल्या स्थितीच्या माणसानें सुखसमारंभावर जेवढें खर्चावें त्याहून तो फारसा जास्त भरत नाहीं. हा निर्णय आम्हांस फार विचार करण्याजोगा वाटतो. गरिबाच्या हौसेवर सर्व दोष लादून सारा, व्याज आणि अवर्षण यांस मोकळें सोडणें हा सुशिक्षितांचा जुना आवडता मार्ग आहे.

तथापि त्यावरून लग्नाचा खर्च निर्दोष ठरत नाहीं. तो कोणाच्या माथीं पडतो, हा खरा प्रश्न. गोविंद बल्लाळ देवल यांचें ‘शारदा’ नाटक १८९९ सालीं रंगभूमीवर आलें. त्यांत पैशाच्या लोभानें बाप आपली मुलगी वृद्धास देऊं पाहतो. मध्यम वर्गांत पुढें रीत उलटी होत गेली: शिकलेल्या वराचा भाव चढला, हुंडा वाढला, आणि हुंड्यावर ‘लग्न थाटांत करून द्यावें’ ही अट आली. थाट पाहुण्यांसाठीं म्हणून सांगितला गेला, पण त्याचें बिल मुलीच्या बापानें भरलें. गाडगेबाबा गांवोगांवच्या कीर्तनांतून, कर्ज काढून लग्नें करूं नका, मुलांस शिकवा, असें बजावीत फिरले तें यासाठींच. १९६१ सालीं हुंडाबंदीचा कायदा झाला. तरी ‘आम्हांला कांहीं नको, फक्त आमच्या माणसांचा मान राखा’ या गोंडस वाक्याआड पूर्वींची मागणी कित्येक घरांतून जिवंत राहिली. पाहुण्याच्या नांवावर चालणारा हा व्यवहार पाहुण्यास ठाऊक नसतो. तो बिचारा जिलेबी वाखाणून घरीं जातो.

इकडे समारंभाचा काळ आंखडत चालला होता. शारदा कायदा १९३० च्या एप्रिलापासून अंमलांत आला आणि मुलीचें वय किमान चौदा ठरलें. तें १९७८ च्या दुरुस्तीनें अठरा झालें. जाणत्या वधूवरांस भीड मोडण्याच्या खेळांची पूर्वींसारखी आवश्यकता राहिली नाहीं. १९४३ सालीं मुंबईंत धान्याचें रेशनिंग सुरू झालें, आणि पुढील टंचाईच्या दिवसांतही पंगतींच्या संख्येवर सरकारी नियंत्रणें आलीं. वाड्याच्या चौकांतील लग्न मंगल कार्यालयांत गेलें. पांच दिवसांचें कार्य एका दिवसाचें झालें, पाटाचें टेबल झालें, आणि शेजारणींनीं पापड लाटावयाचे ते कंत्राटदार आणूं लागला. बायकांचे श्रम वांचले ही गोष्ट निःसंशय चांगली झाली. मात्र पूर्वींच्या पाहुण्यास जें एखादें काम असे—कोणी वाढी, कोणी रांगोळी काढी, कोणी अष्टकें म्हणे—तें नाहींसें झालें. तो रांगेंत उभा राहूं लागला, पाकीट हातीं देऊन छायाचित्र काढून घेऊं लागला आणि जेवून निघून जाऊं लागला. यजमानाची हौस कमी झाली नाहीं. तिचा रोख बदलला. पाहुण्याच्या मनाऐवजीं ती त्याच्या डोळ्यांसाठीं झटूं लागली.

मग २०२० सालची महामारी आली. केंद्र सरकारनें लग्नास पन्नासांहून अधिक पाहुणे नकोत असा नियम केला. महाराष्ट्रांत १९२१ नव्हे, २०२१ च्या एप्रिलांत तर पंचवीस माणसें आणि दोन तास एवढीच मर्यादा उरली. ज्या कुटुंबांनीं हजार नांवांची यादी केली होती, त्यांस ती पंचविसांवर आणावी लागली. हजारांतून पंचवीस निवडतांना प्रत्येक नांवापुढें एकच प्रश्न उभा राहिला: हा मनुष्य कां हवा? पैशानें, पदानें अथवा भिडेनें आलेलीं नांवें आपोआप गळलीं. आजी, मावशी, शाळेपासूनचा मित्र, मुलीस शिकविणाऱ्या बाई हीं राहिलीं. सक्तीनें आलेली ही कसोटी दुःखाच्या काळांत आली खरी, परंतु यादी कशी करावी याचा धडा तिनें घालून दिला. निर्बंध उठले आणि मांडव पुन्हां पहिल्यासारखे फुलले. धडा मात्र बहुतेकांनीं मांडवाबाहेरच ठेवला.

या सर्व इतिहासावरून आमचें मत असें बनलें आहे, कीं लग्नांतील हौशीचे दोन प्रकार आहेत. एक पाहुण्यास कांहीं दाखविते, दुसरी त्याला कांहीं करूं देते. पहिलीस पैसा लागतो, आणि शेजारच्या मांडवांत अधिक पैसा लागला कीं ती फिकी पडते. दुसरीस विचार लागतो, आणि ती कधीं जुनी होत नाहीं. मामाचीं अष्टकें, आत्याचा उखाणा, मुलीच्या हातचें रुखवत, आजीनें घातलेला एक घांस, सर्वांस समजेल अशा मराठींत उच्चारलेलें वचन, यांतील एकही गोष्ट विकत मिळत नाहीं. तेव्हां ज्यांच्या घरीं कार्य निघालें आहे त्यांनीं सजावटीच्या यादीआधीं माणसांची यादी करावी, आणि प्रत्येक नांवापुढें त्या माणसाकडे कार्यांतील कोणता वांटा द्यावयाचा तें लिहावें. खर्चाच्या यादीपुढें मात्र तो कोणाच्या खिशांतून जातो हें लिहावें, आणि तें वाचून मुलीच्या बापाची मान खालीं जात असेल तर तें कलम तेथल्या तेथें खोडावें. एवढें केलें तर मांडवांत फुलें थोडीं असलीं तरी चालतील. अक्षता टाकणारे हात आपले असले म्हणजे झालें.